काहिलीतलं कारंजं

"हुतंय की!" असं म्हणत काकांनी बाह्या सरसावल्या की समजायचं, आता आपलं काही चालणार नाही. समोर काय असायचं? मोडका कूलर, फुटकी कौलं, कुणाच्या तरी मोरीतून निघालेला पाइप. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याच्या दारातलं भंगार बघून येणारा-जाणारा नाक मुरडतो.

त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर जन्म गेला आणि त्यात दोन्ही कान गेले. आम्ही त्यांच्याशी बोलायचो म्हणजे भाषणच ठोकायचो. काकूंचं मात्र ते ओठांवरून ओळखत.

काकू नृसिंहवाडीच्या, माहेर नदीच्या घाटालगत. कमरेचं हाड मोडलं आणि त्या खिडकीजवळच्या कॉटवर अडकल्या. एकदा मला म्हणाल्या, "दुखणं सोसंल गं, पण ह्या खोलीत लई गपगार वाटतंय. वाडीत रातंदिस पाणी वाजायचं." काका शेजारीच बसले होते. त्यांनी ते ओठांवरून बरोबर टिपलं.

दुसऱ्याच दिवशी दारात टेम्पो. आत काहील! गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती भली मोठी पसरट कढई. तळाला भोक पडलं म्हणून त्यांच्या मेहुण्याने टाकून दिलेली. फाटक बिजागऱ्यांवरून उतरवून ती आत घेतली.

"अहो काका, एवढ्याशा बागेत मावणार कशी?" मी ओरडले.

"हुतंय की! जास्वंद काढू."

आणि काढलीच! देवाला फुलं मी तिचीच न्यायचे हो. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, पण त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

भोक वेल्डिंगने बुजवलं, पाणी भरलं, कूलरची मोटर सोडून कारंजं उडवलं. आणि आल्या मुंग्या! मग माश्या, मग मधमाश्या. काहिलीच्या सांध्यांत वर्षानुवर्षांचा गूळ मुरलेला, तो पाण्यात उतरला. दुसरा कुणी असता तर काहील परत धाडली असती. काकांनी ती पालथी घालून खाली जाळ केला. गल्लीभर असा काकवीचा वास सुटला की मला भाकरीच आठवली.

मुंग्या गेल्या, पण पाणी लोखंडावर ठणाठणा आदळायला लागलं. माझी दुपारची झोप गेली. काका मात्र खूश, कारण त्यांना धार दिसत होती.

"धार झ्याक पडतीया की!"

"पडतीया," काकू खिडकीतून म्हणाल्या, "पण वाडीचं पाणी असं भांडत न्हाय."

काकांचा चेहरा पडला. मग रोज काहीतरी बदल. कौल बसवलं, पाइप वाकवला, गोटे टाकले. दर वेळी धावत खिडकीशी जायचे आणि काकूंच्या तोंडाकडे बघायचे. आपल्या कानांनी कळणार नाही, तर दुसरं काय करणार?

शेवटी मी ओरडून म्हणाले, "काका, चालतंय म्हणतात काकू. आता सोडा की."

"तिला चालतंय, मला न्हाय चालत. तिच्या तोंडावर दिसंपतूर सोडणार न्हाय."

एका सकाळी त्यांनी आमच्याकडचा फुटका पाटा मागून नेला आणि धारेखाली तिरका बसवला. पाणी त्याच्यावरून घसरत खाली उतरू लागलं. काकूंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बिघडलं काय?" काका घाबरले.

काकूंनी गजांतून त्यांचा ओला हात ओढून घेतला आणि मनगटापासून बोटांपर्यंत आपलं बोट हळूहळू फिरवलं. पाणी असं अलगद घसरत वाजतंय, हे सांगायला. मी भिंतीपलीकडून बघत होते. मला रडू आवरेना.

तेव्हापासून रोज सकाळी काका मोटर सुरू करायचे आणि खिडकीतून हात आत द्यायचे. "आज कसं वाजतंय?"

गेल्या थंडीत काका गेले. मोटर आता मी लावते. परवा मोटर सुरू करून वळले, तर काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"नीट वाजतंय ना, काकू?"

"व्हय गं, वाडीवानीच वाजतंय," त्या म्हणाल्या. "पण आता सांगू कुणाला?"