ताईचा राग आणि मामाची बोटं

माझी थोरली बहीण ट्रकचे टायर बदलायची. गंजलेला नट पान्ह्याला नाही, तिच्या शिव्यांना घाबरून सुटतो, असं गिऱ्हाइकं म्हणत. दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत मामाची व्यायामशाळा होती. तिथे ती वजनं उचलायची. मामा तिचा प्रशिक्षक, आणि वडील गेल्यापासून घरातला कर्ताही तोच. दर शुक्रवारी तो तिला ‘जीवनसत्त्व’ टोचायचा. दीडशे किलो उचलणारी ही म्हैस सुईला मात्र घाबरायची. भिंतीकडे तोंड करून डोळे घट्ट मिटायची. बाटलीवर काय लिहिलंय ते तिने एकदाही पाहिलं नाही. सख्ख्या मामाला काय विचारायचं?

राष्ट्रीय संघात निवड झाली आणि आठवड्याभरातच पत्र आलं. तिच्या लघवीत बंदी असलेलं औषध सापडलं होतं. चार वर्षांची बंदी येणार होती. ताई तिशीची, म्हणजे खेळ खलास. शिक्षा कमी व्हायची वाट एकच होती: औषध मामाने तिच्या नकळत दिलं, हे सुनावणीत समितीला पटवायचं. तोवर हात खिशात ठेव, असं मी तिला दहादा बजावलं.

पण राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर. मला न सांगता ती व्यायामशाळेत गेली. मी धावत पोचले तेव्हा तिने मामाला आडवं पाडून त्याचा उजवा हात बाकावर दाबून धरला होता.

“तुझ्या भल्यासाठीच टोचलं गं,” मामा म्हणाला. “नुसत्या घामावर पदकं मिळत नाहीत.”

तिने वीस किलोची लोखंडी प्लेट उचलून त्या हातावर घातली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो किंचाळला, तशी तिने पुन्हा घातली. मी मागून ओढायला गेले तर तिचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि दात पडला. खोटं कशाला बोलू, पहिल्या घावाला मलाही बरं वाटलं होतं. दुसऱ्याला नाही.

मामा पोलिसांत गेला नाही. तो थेट सुनावणीला आला, हाताला प्लास्टर घालून.

“बाटल्या तीच आणायची,” तो शांतपणे म्हणाला. “मी आडवा आलो, तर ही गत केली. या औषधांनी माथं फिरतं, साहेब, तुम्हाला ठाऊकच आहे.”

मी उठून सांगितलं की टोचल्याचं त्याने माझ्यासमोर कबूल केलंय. अध्यक्षांनी माझ्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं.

“तुमचा दात कोणी पाडला?”

मी ताईकडे पाहिलं. खरं ते सांग, अशी तिने मान हलवली. मी सांगितलं, आणि चार वर्षांतला एक दिवसही कमी झाला नाही.