अडकलेली काच

बेचाळीसच्या धरपकडीचे दिवस. मी मालकांचा ड्रायव्हर. मुरबाडला त्यांच्या मोटारीची माझ्या बाजूची काच खालीच अडकली. हँडल फिरता फिरेना. एक अनोळखी मेस्त्री आला.

"आमी डोळखांबचे, दादा. तुमी बसा आतच."

दाराचं अस्तर काढून तो खाचेत तेल सोडत होता, पण नजर सारखी रस्त्यावर. मला तो पटेना.

इतक्यात हँडल सुटलं आणि त्याचं बोट चेमटलं.

"लागलं का?"

"नाही, नाही! अजिबात नाही!"

डोळखांबचा माणूस कळवळला तरी 'नाय'च म्हणेल, हे मला शेजारच्या शहापूरकराला कुणी सांगायला नको. हा पोलिसांचा, की पोलिसांपासून पळालेला?

त्यानं माझ्याकडे बघितलं, दार लावलं आणि सावकाश म्हणाला, "नाय लागला, दादा."

मी हँडल फिरवलं. काच बिनआवाज वर चढली, आम्हा दोघांच्या मधे.