तीन हीटरांत साडेपाच किलोवॅट

"पलंगाखाली बघा, बिराजदार!" साहेबांनी हुकूम सोडला. मी मुकाट्याने गुडघ्यांवर बसलो. पलंगाखाली लोखंडी पेटी होती आणि झोपलेलं मांजर होतं. हीटर नव्हता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात वीज खात्यात मी नवाच ज्युनिअर इंजिनिअर होतो आणि साहेब माझे वरिष्ठ. ज्यांच्या घरी आम्ही गेलो होतो त्या नरसम्मा घरीच सूत रंगवायच्या. चार दिवस ऊन नव्हतं, म्हणून त्यांनी एका खोलीत हीटर लावून सूत वाळत घातलं होतं. हजार वॅटचे तीन हीटर, कनेक्शन तीन किलोवॅटचं. कागदावर सगळं बरोबर. तरी घटकाभरात फ्यूज उडायचा, म्हणून आम्ही तपासायला आलो होतो.

साहेबांनी टाँगटेस्टर लावला. हा चिमटा वायरीभोवती धरला की आतून किती करंट वाहतो ते काटा सांगतो. काटा चोवीस अँपिअरवर. व्होल्टेज दोनशे तीस. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पॉवर. आली साडेपाच किलोवॅट!

"तीन हीटर दाखवता आणि दोन-तीन लपवता? ही चोरी आहे, बाई. बिराजदार, लाइन तोडा."

नरसम्मांचे डोळे भरले. "सूत कुजलं तर कुजू द्या, साहेब. पण चोर म्हणू नका ओ. गल्लीत तोंड कसं दाखवू मी?"

माझा पाय निघेना. भीत भीत म्हटलं, "साहेब, एकेक हीटर मोजून बघू?"

"पाच मिनिटं. बस."

पहिला हीटर आठ अँपिअर. दुसरा आठ. तिसराही आठच. हजार वॅटच्या हीटरने सव्वाचारच्या आसपास घ्यायला हवेत. व्होल्टला अँपिअरने भागलं की रेझिस्टन्स मिळतो, म्हणजे तार विजेला किती अडवते ते कळतं. उत्तर आलं एकोणतीस ओहम. हवे होते त्रेपन्न.

मेन स्विच बंद केला, हीटर गार होऊ दिले आणि वाकून पाहिलं. मला हसूच फुटलं. आतल्या तारेच्या कॉइलला जागोजागी गाठी!

"ह्या कुणी मारल्या?"

"मीच की! तार तुटली की जळका तुकडा कापायचा आन् गाठ मारायची. सूत तुटल्यावर दुसरं काय करतात?" असं म्हणून त्यांनी फळीवरचा डबा काढला. कापलेले सगळे तुकडे त्यात जपून ठेवलेले. "तार कमी झाली, मग वीज पण कमीच लागंल की!"

"उलट आहे, नरसम्मा. तारच विजेला अडवते. तार आखूड झाली की अडवणूक कमी, करंट जास्त."

साहेब डब्यातले तुकडे बोटाने चाळत राहिले.

बाजारातून नव्या कॉइली आणून बसवल्या. तिन्ही हीटर सुरू केले. काटा तेरावर थांबला. आम्ही तिघं फ्यूजकडे टक लावून बसलो. अर्धा तास झाला, फ्यूज काही उडाला नाही. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

साहेब उठले आणि दारापाशी जमलेल्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाईंची काही चूक नाही. चूक माझी झाली."

नरसम्मांनी डोळे पुसले आणि खुदकन हसल्या. "म्हंजे तीन हीटरात पाच हीटरचं काम काढलं की मी! बक्षीस द्या आता."

बक्षीस कसलं देणार? चहा उलट त्यांनीच पाजला. तेव्हापासून माझा एक नियम झाला. व्होल्टला अँपिअरने भागल्याशिवाय रिपोर्टात 'चोरी' हा शब्द लिहायचा नाही. भागाकाराला मिनिट लागतं. माणसाची गेलेली अब्रू भरून यायला किती लागतं, ते मोजायचं मीटर आमच्या खात्यात नव्हतं.