आमचा आकडा धरू नका

त्या संध्याकाळी रेडिओवरच्या सातच्या टुकटुकीवर मी घड्याळ लावून घेतलं आणि माझी बायको अंगणात खाटेवर बसून दुर्बिणीला डोळा लावून राहिली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

दुर्बीण बुलढाण्याच्या कॉलेजातल्या सरांची. रोहिणीचा तारा चंद्रामागं दडणार होता. बुलढाणा, चिखली, हिवरा आश्रम आणि आमचं गाव, चारी ठिकाणी जोड्या बसवल्या होत्या. एकानं तारा पाहायचा, दडला की ओरडायचं. दुसऱ्यानं तेव्हाचा सेकंद टिपायचा. सर म्हणाले होते, "एकट्याच्या आकड्याला किंमत नाही. चौघांचे जुळवले तर चंद्राची कड कळते. एक खोटा निघाला, की बाकीच्यांची मेहनत पाण्यात. चुकलं तर चुकलं लिहा. आकाशातली जी कृष्णविवरं दिसतच नाहीत, त्यांचा ठावठिकाणाही लोक ठिकठिकाणचे आकडे जोडूनच लावतात."

मी चौथी शिकलेला. मला एवढंच कळलं, की अंदाजे लिहायचं नाही.

दुपारपासून तिच्या छातीत दुखत होतं. मी म्हटलं, "चाल, चिखलीले दवाखान्यात जाऊ."

"उद्या जाऊ. सरले शब्द देला ना आपण?"

मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

तिचा श्वास मला खाटेपाशी ऐकू येत होता. नजर काट्यावर ठरेना.

"अवो, घडीकडे पाहा. माह्याकडे काय पाहून राह्यले? नवी नवरी हाओ का मी?"

हसता हसता तिनं छाती धरली, पण डोळा काढला नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेवढ्यात ती ओरडली, "दडला!"

घड्याळ माझ्या हातातच होतं. मी पाहिलंच नव्हतं.

"किती झाले?"

"सात एकतीस चाळीस," मी ठोकून दिलं.

"साधलं ना बराबर?"

"हाव."

ती खूश झाली आणि तशीच आडवी झाली. मी जीपसाठी धावलो. जीप घेऊन आलो तोवर ती संपली होती.

सकाळी बाया तिला आंघोळ घालत होत्या. आकडा कळवायला सरांनी दिलेलं पोस्टकार्ड मी काढलं. तो आकडा लिहिला असता तर कोणाला कळलं नसतं, आणि तिचं काम चारी ठिकाणच्या आकड्यांत धरलं गेलं असतं. पण मी लिहिलं, "बाईनं तारा बरोबर पाहिला. घड्याळ मी पाहिलं नाही. आमचा आकडा धरू नका."

आणि तिरडी उचलायच्या आधी जाऊन कार्ड टपालपेटीत टाकून आलो.