आईच्या लसणाचा वाफा

गुंजवण्याहून कॅनडाला निघाले त्या दिवशी आधी वेल्ह्याच्या कचेरीत जाऊन सही केली, मग विमानतळाची गाडी धरली. वडिलांच्या मागे भातखाचरात जो माझा हक्क होता, तो सोडल्याची सही. दादाने कागद तयारच ठेवला होता. आई म्हणाली, "दे करून. भैनीनं वाटा मागितला की भावाचं दार बंद हुतं." मी एका शब्दानं विचारलं नाही. आमच्याकडे बहिणी अशाच सह्या करतात आणि वर भाऊबीजेला ओवाळतातही.

दोन वर्षांत दादाने खाचर विकलं. तिथे आता पुण्याच्या कुणाचं फार्महाऊस आहे, पुढे हिरवंगार लॉन. तिथून राजगड छान दिसतो म्हणे.

इथे कॅनडात मी घरामागे लसूण लावते. पहिल्या वर्षी दुकानातल्या पाकळ्या आईसारख्या लावल्या, त्या थंडीत कुजल्या. मग शेजारच्या बाईंनी हार्डनेक जातीचा लसूण दिला. मधोमध कडक दांडा, भोवती पाच-सहा जाड पाकळ्या. ऑक्टोबरात लावून वर पेंढा टाकायचा आणि बर्फाखाली सोडून द्यायचा. जूनमध्ये दांडा वर येऊन वळतो, तो छाटला की गड्डा पोसतो. आई पात्यांची वेणी घालून लसूण चुलीवर टांगते, त्यातले थोरले गड्डे बियाण्याला. पाव्हण्यालाही हात लावू देत नाही. माझा लसूण तिला मोबाईलवर दाखवला तर म्हणाली, "ह्याची येणी कशी घालायची गं? दांडा मोडंल की."

इथली आपली माणसं कौतुक करतात, मातीशी नाळ जपलीस म्हणतात. मला संताप येतो. कसली नाळ? माती विकायची वाट माझ्याच सहीनं मोकळी झाली. माझ्यासारख्या दूर गेलेल्या बहिणींनो, तुम्हीही असंच केलं असेल, आणि वर स्वतःला मोठ्या मनाच्या समजला असाल.

आता या जानेवारीत दादाने दुसरा कागद पाठवला आहे. फार्महाऊसवाल्याला गाडीसाठी रस्ता हवा, म्हणून आमच्या घरामागचं परसूही द्यायचं. म्हणजे आईचा लसणाचा वाफा. घरजागेवर माझं नाव अजून आहे, म्हणून सही हवी. खाली दादाचा मेसेज: "तुला तिथं काय कमी हाय?"

काय कमी आहे? लाज कमी आहे, दादा, माझ्यात नाही, तुझ्यात. सत्तरीची आई रोज तिथे कळशीनं पाणी घालते, तिला तू विचारलंस? मी विचारलं. फोनवर ती म्हणाली, "त्या टायमाला म्याच तुला सही करायला लावली. चुकलं माजं. ही करू नगं. लसूण अजून जिमिनीत हाय."

तेव्हा कागद सहीविनाच राहील. आई त्या वाफ्यात बसते आहे तोवर ते माझंही घर आहे. हे मी तुला विचारत नाही, सांगते आहे.