एक इयत्ता मागे

“आधी खाली बसायचं, मग बोलायचं,” असं म्हणत मिस उकिडवी बसायची. समोर मूल असो, नाहीतर मिशीवाला माणूस. लहान मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं, हे आम्हाला शिक्षिकांच्या कोर्समध्ये शिकवलं होतं. आम्ही बाकीच्या ते परीक्षेपुरतं शिकलो. तिच्या ते अंगातच भिनलं.

मस्कतमधल्या आमच्या गल्लीतला मलबारी दुकानदार एकदा काउंटरमागे वाकून कांदे काढत होता. ही अलीकडे खाली बसली आणि मेथी आहे का विचारू लागली. तो उठून बघतो तर गिऱ्हाईक गायब, नुसता आवाज येतोय. “मिस, आप खडे रहो ना,” तो वैतागून म्हणाला.

तिला सगळे मिसच म्हणायचे, ती शाळेतली खरीखुरी मिस होण्याच्या कितीतरी आधीपासून. ती मूळची वसईची. नवरा लग्नानंतर लवकरच गेला. शेरल नावाची लहान मुलगी सासूकडे ठेवून ही मस्कतला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आली. त्या नोकरीच्या व्हिसावर मुलीला आणता येत नव्हतं. शाळेत शिक्षिका म्हणून लागली तर आणता येणार होतं. तिचा बेत साधा होता. शेरल आपल्याच शाळेत येईल, आपल्याच वर्गात बसेल आणि संध्याकाळी दोघी एकाच बसने घरी येतील.

शिक्षिकांचा कोर्स मस्कतच्या अझैबा भागातल्या एका व्हिलात संध्याकाळी भरायचा. मला तिथे नवऱ्याने घातलं होतं, दिवसभर घरी बसून त्याचं डोकं खाऊ नये म्हणून. सकाळी त्याच जागेत बालवाडी असायची, त्यामुळे त्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही बायका गुडघे हनुवटीला लावून बसायचो. एकीने शिकवायचं आणि बाकीच्यांनी मुलं व्हायचं. द्वाड मूल नेहमी मी. तुम्ही मला ओळखत असाल तर तुम्हाला नवल वाटणार नाही.

एकदा हिच्या तासाला मी भोकाड पसरलं, “मला घरी जायचंय!” बाकीच्या अशा वेळी खाऊची लालूच दाखवायच्या. ही माझ्यासमोर खाली बसली आणि शांतपणे म्हणाली, “हो, जाऊ या. आधी मला सांग, तुझ्या घरी कोण कोण आहे?” मी आई, बाबा, मांजर असं सांगत सुटले आणि रडायचं विसरले. कोर्सच्या मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या.

शुक्रवारी ती घरी फोन करायची. रस्त्यावरच्या कार्डफोनच्या बूथमध्ये शिरली की तिथेही खाली बसायची, कारण पलीकडे शेरल होती. बाहेरच्यांना काचेतून कोणी दिसायचं नाही. एक पठाण बिचारा दार उघडून सरळ तिला अडखळला होता. शेरल फोनवर फार बोलायची नाही. ती आजीला ‘आई’ म्हणायची आणि हिला ‘मम्मी’. “जवळ असते तिलाच आई म्हणतं गं लेकरू,” ती मला म्हणाली.

बालवाडीचा कोर्स पुरा होईपर्यंत शेरल पहिलीत गेली. म्हणून हिने प्राथमिकचा कोर्स धरला. तो झाला तेव्हा दवाखान्याचा अर्बाब, म्हणजे मालक, तिला सोडेना. त्याने सोडल्याशिवाय दुसरी नोकरी धरता येत नव्हती. विचारलं की तो ‘इन्शाल्ला’ म्हणायचा, आणि ते हो आहे की नाही हे कळायलाच वर्ष जायचं. “आता तिसरीची तयारी करते बाय,” ती म्हणायची. पुढच्या वर्षी, “आता चौथीची.” दर वर्षी तिच्या खोलीतल्या भिंतीवरचे तक्ते बदलायचे आणि जुन्यांच्या गुंडाळ्या पलंगाखाली जायच्या. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या खोलीवर गेले की आतून शिकवण्याचा आवाज यायचा. दारावर टकटक केली की तो थांबायचा. आत तिच्याशिवाय कोणी नसायचं.

शेवटी अर्बाबने सोडलं आणि ती एका शाळेत तिसरीची शिक्षिका झाली. मलाही तिथेच केजीला घेतलं. त्या धावपळीत तिचं गावी जाणं वर्षानुवर्षं लांबत गेलं होतं. मे महिन्यात शेरलच इकडे आली, जमलं तर कायमची राहायला. आता ती आठवीत जाणार होती.

मस्कतच्या सीब विमानतळावर मी मिससोबत होते. माणसं बाहेर येऊ लागली तशी ही हात पसरून खाली बसली. समोर एक उंच, सडपातळ मुलगी येऊन थांबली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, “मम्मी, ऊठ ना. लोक बघतायत.” ती उठली. तिचं डोकं मुलीच्या कानापर्यंत येत होतं.

महिना बरा गेला. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या नीट वागत होत्या. एका संध्याकाळी मी चहाला गेले होते, तेव्हा शेरल एकदम म्हणाली, “मम्मी, मला घरी जायचंय.”

पलंगावर बसलेल्या मुलीसमोर ही सवयीने खाली बसली. तोंडूनही सवयीचंच आलं. “हो, जाऊ या. आधी मला सांग, तुझ्या घरी कोण कोण आहे?”

“आई आहे ना,” शेरल म्हणाली.

पलंगाखालच्या गुंडाळ्या बाजूला सारून हिने शेरलची बॅग बाहेर ओढली. माझा चहा तसाच राहिला.

शेरल परत गेली त्या दुपारी विमानतळावर खूप गर्दी होती. मुलगी आत गेल्यावर मी म्हटलं, “मिस, चल आता.”

“थांब जरा. तिने वळून बघितलं तर मी दिसायला हवी.”

पुढे मी पुण्याला परतले. ती तिथेच तिसरीला शिकवत राहिली, मग शाळा बदलली आणि मला तिचा पत्ता लागला नाही. पण ती आठवली की मला उकिडवी बसलेली आठवत नाही. त्या दुपारी काचेपाशी, पुढच्या माणसांच्या खांद्यांवरून दिसावं म्हणून, ती टाचा उचलून उभी होती. आत कोणी दिसेनासं झालं तरी तिने टाचा खाली टेकवल्या नाहीत.