खंडेनवमीचा रिकामा दिवस

माझा स्वभाव मुळात उतावळा. आई म्हणायची, हिला भात शिजेपर्यंत धीर नाही, झाकण काढून काढून वाफ घालवते. असल्या मुलीने पीएचडी करायला घेतली आणि तीही कोळंबीवर, म्हणजे दैवाने माझी चेष्टाच केली. कोळंबी तुमच्या घाईने वाढत नाही. तिला तिचे चार महिने द्यावेच लागतात.

शिक्षणाने मी इलेक्ट्रिकलची. तळ्यातल्या पाण्यात प्राणवायू किती आहे हे एक कांडी सतत मोजत राहील, तो कमी झाला की पाणी घुसळणारी चाकं आपोआप फिरतील आणि पुरेसा झाला की थांबतील, असं यंत्र मी बनवलं होतं. विजेची बचत आणि कोळंबीचा जीव, दोन्ही साधायचं. आता हे यंत्र बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडल्यापासून कोळंबी काढेपर्यंत एकदाही न थांबता चालतं, एवढंच सिद्ध करायचं राहिलं होतं. चोपड्याला शापोरा नदीच्या काठी, खाजनात, म्हणजे बांध घालून अडवलेल्या खारजमिनीत, एका ओळखीच्या माणसाचं तळं मिळालं. मार्गदर्शक सरांनी आधीच बजावलं होतं, ‘‘मुदतवाढ संपली. हे पीक गेलं तर पदवी विसरा. सलग नोंदी हव्यात, सलग.’’ तो ‘सलग’ शब्द माझ्या डोक्यात डासासारखा गुणगुणत असायचा. पाव चहात बुडवला तरी मनात तेच, अजून चालू असेल ना?

कॉलेजात आम्हा संशोधकांना एकच खोली होती. जागा नाही म्हणून सगळ्या शाखांची मोट तिथे बांधलेली. जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी, फायनान्सवाला, तो शेअरबाजाराच्या चढउतारावर काम करायचा. त्याच्या बाजूला मेडिसिनची डॉक्टरीण, मधुमेहाचे रोगी तपासणारी. दाराजवळ मत्स्यशेतीवाला, ज्याच्या मेजाखालून नेहमी सुक्या मासळीचा वास यायचा. आणि मी. आम्हाला एकमेकांचं ओ की ठो कळायचं नाही, पण चहा एकत्र आणि सरांच्या नावाने बोटं मोडणंही एकत्र.

रोज चोपड्याला राहणं मला शक्य नव्हतं. शिकवायचे तास होते. मग मी बाबांना तिथे नेलं. बाबा मूळचे सिंधुदुर्गातले. तरुणपणी डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. खाणी बंद पडल्यावर घरी बसले. बसले कसले, फेऱ्या मारत राहिले. दारापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून दारापर्यंत. आईच्या कामात लुडबुड, पंख्याचा स्क्रू पिळ, शेजाऱ्याची स्कूटर उघड. आई मला म्हणाली, ‘‘ह्या माणसाला घेऊन जा गो बाय, नाहीतर मीच माहेरी जाते.’’

चोपड्याला बाबा खुलले. तळ्याच्या बांधावर माडाच्या झावळ्यांची खोप, आत खाट, बसायला एक कदेल आणि माझ्या यंत्राची पेटी. चाकं फिरली की यांचा चेहरा फुले. मला फोन करून सांगत, ‘‘तुझा इंजिन बरा चलता. आवाज सुरेख असा.’’ मी म्हणायची, बाबा, आवाजाचं राहू दे, हिरवा दिवा लागलाय का ते सांगा. मग ते उठून बघून येत. एकदा बघितलेलं पुरायचं नाही मला, तासाभराने पुन्हा फोन. त्यांनी कधी कुरकुर केली नाही, उलट फोन उशिरा आला तर तेच करायचे.

कोळंबी हाताच्या बोटाएवढी झाली. थोडेच आठवडे राहिले. त्यात सरांनी समितीपुढे प्रबंधाचा आराखडा मांडायला बोलावलं. दुपारी समिती उठली तेव्हा मी पहिल्यांदा फोन बघितला. सकाळपासून बाबांचा फोन नव्हता. मी केला तर उचलत नव्हते. म्हापशाहून बस मिळेना, मिळाली ती शिवोलीच्या बाजारात अडकून बसली. पूल ओलांडेपर्यंत मी सीटच्या दांड्याला धरून उभीच होते. कंडक्टर म्हणाला, ‘‘बाय, बस मगो, उभी राहून गाडी बेगीन पावना.’’

बांधावर चढले आणि पहिलं जाणवलं, आवाज नव्हता. चाकं गप्प. पाणी सपाट. धावत खोपीत गेले तर हिरवा दिवा विझलेला, पेटीवर झेंडूची माळ, वर आंब्याची पानं, पेटीच्या कपाळाला हळदीकुंकवाची बोटं. पुढे केळीच्या पानावर नारळ, गूळ-पोहे. आणि माझी कांडी, आख्ख्या प्रबंधाचा जीव असलेली ती कांडी, पाण्यातून काढून, चिंचेने घासून लख्ख करून, पाटावर निजवलेली. तिलाही कुंकू, शेजारी बाबांच्या फोनलाही. घासताना तिच्या टोकाचा पातळ पडदा फाटून गेला होता.

बाबा न्हाऊन, धुतलेला सदरा घालून, प्रसन्न मुद्रेने पुढे आले. ‘‘इलंस? बरा झाला. प्रसाद घे. आज खंडेनवमी मा.’’

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांना, यंत्रांना आराम. कोयता, कुदळ, शिवणयंत्र, सगळी धुवून पुसून पुजायची, त्या दिवशी कामाला लावायची नाहीत. बाबा ट्रक दर वर्षी नदीवर नेऊन असा धूत की जणू लेकराला न्हाऊ घालताहेत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मीसुद्धा लहानपणी पुस्तकं पुजून वाचनाला सुट्टी मिळाली म्हणून नाचले आहे. पण तळ्याचं यंत्र बाबांच्या लेखी ‘यंत्र’ आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

‘‘बाबा, ह्या काय केलात!’’ मी अशी किंचाळले की पलीकडच्या बांधावरचा तळ्याचा मालक धावत आला.

‘‘अगो, कोळंबेक काय झाला नाय. मी येडो नाय. सूर्य वर इल्यावर बंद केलंय, मावळाच्या आदी चालू करतलंय. दिवसाचो प्राणवायू पाण्यात आपसूक येता, तूच सांगितलंस मा?’’

खरं होतं. उन्हात पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं. एकही कोळंबी मेली नव्हती. पण माझ्या सलग नोंदींचा गळा घोटला गेला होता, आणि मी तेच बोलले. आणखीही बरंच बोलले, मालकासमोर. म्हणाले की तुम्हाला आयुष्यभर स्टिअरिंगपलीकडे काही कळलं नाही. करायला गेलात गणपती आणि झाला मारुती.  बाबांनी वाकून पाटावरची कांडी उचलली, धोतराच्या सोग्याने तिचं कुंकू पुसलं आणि माझ्या हातात दिली.

‘‘माझ्या ट्रकान कधी धोको दिल्यान नाय,’’ एवढंच म्हणाले.

मत्स्यशेतीवाल्याला फोन केला. तो बिचारा मोटरसायकल दामटत आपल्याकडचा नवा पडदा घेऊन आला, अंधार पडायच्या आत यंत्र सुरू झालं. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. बाबा पुढच्या दिवशी पिशवी घेऊन डिचोलीच्या बसला बसले. मी थांबवलं नाही. पुढचे आठवडे मीच खोपीत आणि कॉलेजात अशा येरझारा घालत काढले. घरी गेले की बाबा मागच्या दारी काहीतरी ठोकत असायचे. जेवायला एकत्र बसायचो, आमटी वाढ म्हणण्यापलीकडे शब्द नाही.

कोळंबी चांगली निघाली. आलेखात मात्र एक रिकामी फट. तिचं काय करायचं यावर आमच्या खोलीत परिषद भरली.

‘‘त्यात काय!’’ फायनान्सवाला म्हणाला. ‘‘आमचा बाजार शनिवार-रविवार बंद असतो. आम्ही शुक्रवारचा भाव पुढे ओढतो. तू आदल्या दिवसाचे आकडे ओढ.’’

‘‘प्राणवायू म्हणजे शेअर नव्हे रे,’’ मत्स्यशेतीवाला फिस्कारला. ‘‘ढग आला तरी बदलतो.’’

डॉक्टरीण चष्मा पुसत होती. ‘‘आमचे पेशंट बोलावूनही येत नाहीत. आम्ही लिहितो, आला नाही. का आला नाही तेही लिहितो, कळलं तर.’’

सर म्हणाले, ‘‘वीज गेली लिहा. कोण विचारतंय?’’ मला ते गिळवेना. खरं लिहायची लाज वाटत होती आणि खोटं लिहिताना हात अडत होता. शेवटी ‘काही कारणास्तव त्या दिवसाच्या नोंदी उपलब्ध नाहीत’ असं गुळमुळीत वाक्य घालून प्रबंध दिला. तोंडी परीक्षेची तारीख येईपर्यंत झोपेत दात खायची मी, आई सांगते.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाबा माझ्या खाटेजवळ येऊन उभे राहिले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपणहून.

‘‘उद्या तो दिवस इचारले तर सांग, वीज गेली. गोंयात वीज जाता ह्या सगळ्यांक ठाऊक असा. माझा नाव काढू नको.’’

‘‘बरं,’’ मी म्हटलं.

परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत, आमच्या खोलीतल्या तिघांच्या शेजारी. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क, मितभाषी. माझं सगळं ऐकून घेतलं, मग पडद्यावरच्या आलेखातल्या त्या फटीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हे काही कारण म्हणजे कोणतं कारण?’’

 ‘वीज’ हा शब्द जिभेवर आलेलाही होता. पण हा माणूस विजेतलाच होता, वीज गेली तरी यंत्र चालावं म्हणून पेटीत बॅटरी बसवली आहे हे त्याने मागच्याच पानावर वाचलं होतं. आणि ते नसतं तरी, खरं सांगते, ते ओझं घेऊन मी आणखी एक दिवस जगू शकले नसते. मी म्हणाले, ‘‘त्या दिवशी खंडेनवमी होती. माझ्या वडिलांनी यंत्राला आराम दिला.’’

सभागृह हसलं. अगदी खळाळून. सरसुद्धा हसले. परीक्षक हसले नाहीत, त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, नवा पडदा बसवल्यावर कांडी तपासून घेतली होती का. घेतली होती. शेवटी म्हणाले, ‘‘अंतिम प्रतीत खरं कारण लिहा. बाकी ठीक आहे.’’ पदवी मिळाली होती. मी मागे पाहिलं तर बाबांची खुर्ची रिकामी.

बसस्टँडवर गाठले. डिचोलीच्या बसमध्ये आधीच जाऊन बसले होते, जनेलाकडे तोंड करून. मी बाजूला बसले. बस सुटली, वाटेत कोण चढले, कोण उतरले. माझं मन मला खात होतं. एवढी एकच गोष्ट मागितली होती या माणसाने.

डिचोली जवळ आल्यावर बाबा म्हणाले, ‘‘ता आता छापून येतला?’’

‘‘हो.’’

‘‘काय म्हणान?’’

मनात जुळवलेल्या इंग्रजी वाक्याचा अर्थ मी सांगितला. देखरेख करणाऱ्या व्यक्तीने त्या दिवशी यंत्र बंद ठेवलं.

‘‘देखरेख करणारी व्यक्ती कोण?’’

‘‘तुम्ही.’’

‘‘मगे माझा नाव कित्याक नाय?’’

‘‘बाबा, तुम्हीच म्हणालात, नाव काढू नको.’’

‘‘सांगू नको म्हटलंय. पण सांगितलंस मा? हसले मा लोक?’’ आवाज चढला होता, पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. ‘‘खाणीर जल्मभर ह्याच. माल येळेर पोचलो तर कंपनीचा नाव. गाडी घसारली तर ड्रायव्हरची चूक. ड्रायव्हर कोण, त्याका नाव काय, ता कोणी लिवक नाय. तू पण तसाच लिवतलंस? चूक माझी तर माझ्या नावार घाल.’’

दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तेव्हा सरांनी डोक्याला हात लावला. प्रबंधात असं कोणी करत नाही म्हणाले, हवं तर ऋणनिर्देशात घाला, तिथे सगळे आईवडिलांना घालतात. मी ऐकलं नाही. अंतिम प्रतीत ‘देखरेख करणारी व्यक्ती’ खोडलं आणि त्या जागी बाबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, गाव, आणि पुढे ‘ट्रक ड्रायव्हर’ असं टाइप केलं.